बर्फाचं बटण

परवा सुनंदाने, माझ्या बायकोने, बाजाराची पिशवी ओट्यावर ओतली. वालाच्या शेंगा पसरल्या आणि त्यांच्या खालून भांबुर्ड्याच्या पाल्याची एक जुडी निघाली. तिने मागितली नव्हती. भाजीवालीने आपणहून घातली होती. आम्ही सुकापूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे शेत नाही, मडकं नाही, जाळ करायला जागा नाही. शेंगा आम्ही कुकरमध्ये उकडतो. तरीही पनवेलच्या बाजारात जानेवारीत शेंगा घेतल्या की पोपटीसाठी पाला मिळतो. शेतं गेली, पण पाला देण्याची सवय गेली नाही.

पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, ज्याला हवी त्याला अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्यानेच दाबून बंद करायचं. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा एक थेंबही आत घालत नाहीत. शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात.

मी एक पान चुरगाळून नाकाशी नेलं. त्या उग्र वासाने इतरांना जाळ आठवतो, गप्पा आठवतात. मला गिअरबॉक्स आठवतो. सात गिअरचा, दोन क्लचचा, आपोआप चालणारा. आणि त्याच्यापुढे बसलेला नासिर.

नासिर आणि मी पनवेलच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे तो आखातात गेला आणि मी रसायनीच्या एका कारखान्यात लागलो. माझं काम मापं तपासण्याचं. दाब दाखवणारी, तापमान दाखवणारी घड्याळं खरं बोलतात की नाही ते पाहायचं आणि खोटं बोलत असतील तर ती उतरवायची. त्यावरून नासिरने मला नाव दिलं होतं, मापाड्या. चारचौघांतही तो मला त्याच नावाने हाक मारी आणि सुनंदासमोर मुद्दाम जरा मोठ्याने.

तो आखातातून परतला तेव्हा उलवे नोडचे, म्हणजे तिथल्या नव्या वसाहतीचे, रस्ते नुसते आखलेले होते आणि इमारती कमरेइतक्या वर आल्या होत्या. कराराची मुदत संपायच्या आत का आलास, असं मी विचारलं, तर म्हणाला, "डावा पाय सुट्टी मागतोय." मी हसलो. मग तो गॅलरीतून आत चालत गेला आणि मला दिसलं, की डावं पाऊल उचलताना पुढून खाली लोंबतंय आणि चप्पल फरशीवर फटकन आपटतेय.

मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मग सोपं करून सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या तारा एकेक करून मरतात. डोकं शाबूत राहतं. इलाज नाही. आधी पाय, मग हात, मग गिळणं, मग श्वास. हा क्रम ऐकताना मी सवयीने मधली अंतरं विचारली. डॉक्टर म्हणाले, ती कोणी सांगू शकत नाही.

आणि त्याच महिन्यात नासिरने गाडी घेतली. दोन दारांची, राखाडी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, युरोपातून आलेली. मुंबईतल्या कोणीतरी चार वर्षं वापरून काढलेली. आखातात तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या अशा गाड्या खोलून जोडत आला होता. एक आपली असावी ही त्याची इच्छा जुनी होती. पण ऑटोमॅटिकच का घेतली, हे त्याच्या बायकोला, म्हणजे शमीमभाभींना, आणि मला न विचारता कळलं. त्या गाडीत डाव्या पायाला कामच नव्हतं.

"शेंगा संपेपर्यंत मी चालवणार," त्याने जाहीर केलं. तेव्हा डिसेंबर अर्धा झाला होता. पहिल्या शेंगा यायच्या होत्या.

दर रविवारी सकाळी आमचा एक फेरा ठरला. पनवेलहून पळस्पे, कर्नाळ्याची खिंड, खारपाडा, तिथून आत वळून साई, चिरनेर, गव्हाण फाटा, उलवे आणि परत. तो उजवीकडे स्टिअरिंगच्या चाकापुढे, मी डावीकडे, माझा हात मधल्या हँडब्रेकवर. हे वाहतुकीच्या नियमात बसत होतं असं मी म्हणणार नाही. भाभी एवढंच म्हणाल्या होत्या, "घरात बसवला तर तो लवकर जाईल, सुरेशभाई."

मला त्या गाडीची भीती वाटे आणि त्या पेटीचं कुतूहल. गिअरबॉक्सला नासिर पेटी म्हणे. माझ्या साध्या गाडीत मी गिअर टाकतो. आपल्याकडे सगळे तसंच म्हणतात, पहिला टाक, दुसरा टाक. या गाडीत गिअर टाकायचा नसतो, तो पडतो.

"आत दोन क्लच," नासिर शिकवी. "एकावर एक-तीन-पाच-सात. दुसऱ्यावर दोन-चार-सहा. तू तिसऱ्यात असतोस, तेव्हा चौथा आतमध्ये लागून तयार असतो. फक्त हात बदलायचा. म्हणून झटका बसत नाही."

"आणि मला चौथा नको, दुसरा हवा असला तर?"

"तर पेटीचा अंदाज चुकला. मग ती जराशी थबकते. माणसासारखी."

डी म्हणजे नेहमीचं चालणं. त्यात पेटी कंजूष होते. इंजिनाचा काटा दोन हजारांच्या जवळ गेला, की वरचा गिअर टाकून मोकळी. साठच्या वेगात सातव्यात पोचलेली असे. मला ते फार आवडे. नासिर म्हणे, "ही तुझ्या सासऱ्यांची पेटी आहे."

एस म्हणजे स्पोर्ट. तीच पेटी, तेच सात गिअर, पण स्वभाव निराळा. आता ती गिअर सोडायलाच तयार नाही. काटा पाच हजारांवर गेला तरी तिसराच. आणि ब्रेक दाबला की वाट न पाहता स्वतःच खाली उतरे, आणि उतरताना इंजिनाला एक टिचकी मारी. गुर्रऽऽ असा एकच दमदार हुंकार, मग चाकं आणि इंजिन एका लयीत. तो आवाज ऐकायला नासिर ब्रेक उशिरा दाबी.

तिसरा प्रकार हाती गिअर टाकण्याचा. चाकामागे दोन बाजूंना दोन पाती. उजवी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा. कर्नाळ्याच्या खिंडीत नासिर नेहमी यात येई. किल्ल्याच्या सुळक्याच्या पायथ्याची ती चढाची वळणं, दोन्ही बाजूंना झाडी, सकाळचं धुकं नुकतं विरळ होत असलेलं. डावं पातं, चौथा. पुन्हा डावं, तिसरा. वळण. उजवं. त्याची बोटं तेवढी हलायची, बाकी माणूस स्थिर. त्या वेळी त्याला आजार आहे हे मला खरोखर आठवत नसे. मी काट्याकडे बघत बसे.

"मापाड्या, काटा बघू नको. रस्ता बघ."

"रस्ता तू बघतोयस ना."

"मी तर आवाज ऐकतोय."

एकदा साईच्या पुढे एका सरळ पट्ट्यावर तो म्हणाला, "ही शिकते, तुला सांगितलं का? पाय कसा पडतो ते ही पाहत असते. घाईचा माणूस आहे की सावकाश, लवकर सोडतो की धरून ठेवतो. त्याप्रमाणे डीमधलं चालणं बदलत नेते. मुंबईवाल्याने हिला अगदी आळशी करून ठेवली होती. आता बघ, पन्नासलाही चौथा धरून बसते. माझी झाली."

मी मनातल्या मनात ते तपासलं. खरं होतं. पहिल्या रविवारी दोन हजारांना पडणारा गिअर आता सव्वातीन हजारांना पडत होता. बटण तेच, रस्ता तोच. फरक फक्त पायाचा.

नासिरचं घर कृष्णाळे तलावाजवळच्या एका गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी काटकोनात वळण. तिथे तो एसमध्ये येई आणि वळणाआधी तो हुंकार होई. भाभी दुसऱ्या मजल्यावर. तो आवाज आला, की त्या चहा ठेवीत. आम्ही जिना चढून वर जाईपर्यंत चहाला उकळी आलेली असे. जिना चढायला लागणारा वेळ आठवड्या-आठवड्याने वाढत होता. चहा आधी गरम मिळे, मग कोमट मिळू लागला. मग भाभी आवाजानंतर जरा थांबून गॅस पेटवू लागल्या.

पहिली पोपटी उलव्याला काशिनाथच्या शेतात झाली. काशिनाथ तिथला आगरी शेतकरी, नासिरच्या वडिलांपासूनची ओळख. त्याच्या बऱ्याच जमिनीवर नोडच्या खुणांचे दगड रोवले होते. कडेच्या एका तुकड्यात भात काढल्यावर त्याने जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाल टाकले होते, कारण जागा अजून कोणी अडवली नव्हती. संध्याकाळ व्हायला आली होती. मागे एका इमारतीच्या सळया आभाळात उभ्या होत्या आणि पुढे आमचं मडकं.

काशिनाथ गाडीभोवती एक चक्कर मारून आला. आत वाकून पाहिलं. मधल्या पट्टीवर एक लहान बटण होतं, त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुली.

"नासिरशेट, या फुलाचा काय काम हाय?"

"ते बर्फाचं बटण. बर्फात गाडी घसरते ना, म्हणून."

काशिनाथने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या बटणाकडे. "बरफ? आमच्या उलव्यान?"

"फुकट आलंय गाडीबरोबर."

"मंग त्याच्यान मच्छी ठेवा. खराब व्हायाची नाय."

नासिर इतका हसला, की त्याला ठसका लागला. ठसका लवकर थांबेना. काशिनाथ हसायचा थांबला. मी पाण्याची बाटली उघडून त्याच्या तोंडाशी धरली. पाणी एका कडेने ओघळलं. मग काशिनाथ उठला, ओंजळीतलं पाणी तापलेल्या मडक्यावर शिंपडलं, ते चुर्र करून उडालं आणि तो म्हणाला, "झाली. काढा." पोपटी शिजली की नाही ते असंच बघतात. उघडून पाहायची नसते.

माझं अर्धं आयुष्य बंद भांड्यांच्या आत काय चाललंय ते बाहेरच्या काट्यावरून ओळखण्यात गेलं. म्हणून असेल, पण त्या हिवाळ्यात मी नासिरकडे फारसं बघितलं नाही. मी काटा बघितला.

जानेवारीच्या मध्याला काट्याने एक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. खिंडीत डावं पातं ओढायला त्याला उशीर होत होता. मग दोन बोटांनी ओढू लागला. मग एका रविवारी त्याने हात चाकावरून उचलून मनगटानेच पातं दाबायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही. उजवं पातं चालत होतं. म्हणजे त्याला गिअर वर टाकता येत होता, खाली टाकता येत नव्हता. चढ सुरू होता, चौथ्या गिअरात काटा पडत गेला, अठराशे, पंधराशे, गाडी कण्हू लागली. मग पेटीने स्वतःच तिसरा टाकला. हाती मोडमध्येही ती माणसाला पूर्ण बुडू देत नाही.

"बघ," नासिर म्हणाला. "दिलदार आहे." आणि त्याने उजव्या हाताने दांडा ओढून डी लावला. त्यानंतर तो खिंडीत पात्यांवर कधी आला नाही.

महिनाअखेरीस भाभींनी मला जिन्यात गाठलं. नासिर वर पोचला होता, मी त्याची काठी घेऊन मागून जात होतो.

"सुरेशभाई, तुम्ही सगळं मोजता. मला कळत नाही. मला तो आवाज आला की वाटतं, अजून आहे, अजून चालवतोय. म्हणून मी सांगणार नाही. थांबायचं कधी, ते तुम्ही सांगा."

"मी कसं सांगू?"

"तुमचं ऐकेल. माझं ऐकेल तर रडेल. तुमचं ऐकेल तर शिव्या देईल. शिव्या बऱ्या."

तेव्हापासून प्रत्येक रविवार माझ्यासाठी परीक्षेसारखा झाला. प्रश्न एकच होता. आज सांगायचं का. मी कारखान्यात घड्याळं उतरवायचो तेव्हा त्यासाठी हद्द ठरलेली असे. एवढ्यापर्यंत चालेल, त्याच्यापुढे नाही. घड्याळाला वाईट वाटत नाही. इथे हद्द मीच आखायची होती आणि ज्याच्यावर आखायची तो माझ्या शेजारी बसून जुन्या मास्तरांच्या नकला करत होता.

आज त्या रस्त्याने जातो तेव्हा उलव्याला धूळ असते. विमानतळासाठी डोंगर फोडताहेत. सुरुंगाचा आवाज सुकापूरपर्यंत येत नाही, पण एखाद्या दुपारी खिडकीची काच थरथरल्यासारखी वाटते. काशिनाथच्या त्या तुकड्यावर सात मजली इमारत आहे. तळमजल्यावर दुकानं. काशिनाथला मोबदला मिळाला, दुसरा भूखंड मिळाला, सगळं रीतसर झालं. तो भेटला तर म्हणतो, "आमी बरे हाव." पण वाल टाकायला त्याला जागा नाही आणि त्याबद्दल कुठे अर्ज करता येत नाही. बाजारात आता शेंगा अलिबाग, रोह्याकडून येतात. मी कधी त्या इमारतीपुढे थांबतो. मडकं कुठे होतं ते पावलांनी शोधायचा प्रयत्न करतो. मापाड्याला ते सापडत नाही. संदर्भाला धरायला एक बांध लागतो आणि बांधच राहिलेला नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला उजवा पाय गेला. गेला म्हणजे एकदम नाही. तो जड झाला. गिअर पडताना मला ते कळलं. चिरनेरच्या अलीकडे, रिकाम्या सरळ रस्त्यावर, डीमध्ये, पन्नासच्या वेगात असताना पेटीने अचानक दोन गिअर खाली टाकले. काटा दोनहून साडेचार हजारांवर उडाला आणि गाडीने पुढे झेप घेतली. ॲक्सिलरेटर पूर्ण तळाशी दाबला तरच असं होतं. ओव्हरटेक करायला माणूस जीव तोडून दाबतो, तेव्हा. पुढे कोणीही नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मजा केली."

तो खोटं बोलत होता, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं. पाय उतरला होता, उचलायला वेळ लागला होता. पेटी बिचारी आज्ञाधारक. तिला वाटलं, मालकाला वेग हवाय.

त्या दिवशी सांगायला हवं होतं की नाही, याचा हिशेब मी इथे मांडत नाही. मी तेव्हा सांगितलं नाही. मी हात पुढे केला आणि ते पांढऱ्या फुलीचं बटण दाबलं.

काट्यांच्या मध्ये एक छोटा हिरवा दिवा लागला. बर्फ. गाडी एकदम शांत झाली. या मोडमध्ये पेटी पहिला गिअर वापरतच नाही, दुसऱ्यातून निघते. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, इंजिन अर्धंच ऐकतं. गिअर लवकर वर पडतात आणि खाली येताना कुरकुरतात. सगळं काही घसरणाऱ्या माणसाला सांभाळण्यासाठी. नासिरचा जड पाय आता तळाशी गेला, तरी गाडी उडी मारत नव्हती.

गव्हाण फाटा गेला. मग तो म्हणाला, "काशिनाथला सांगू नको."

त्या बटणाने आम्हाला आणखी काही रविवार दिले. गाडी नव्याने सुरू केली की ते आपोआप बंद झालेलं असे, पुन्हा दाबावं लागे. त्याच्या डाव्या बोटांत जोर नव्हता, म्हणून मी दाबी. निघताना मी बटण दाबायचं हे ठरूनच गेलं, जसं नमस्कार करून निघावं. बाहेर छत्तीस अंश. खारपाड्याच्या मिठागरांवर ऊन चमकत असे, तेवढं पांढरं आमच्या रस्त्यावर पुरेसं होतं. कर्नाळ्याची खिंड आम्ही चाळीसने चढत होतो. मागून टेम्पो हॉर्न वाजवीत पुढे जाई आणि ड्रायव्हर वळून बघे, की एवढी गाडी आणि हे असं चालवतात! गल्लीच्या वळणावर मात्र नासिर म्हणे, "काढ." मी बटण बंद करी. तो एसमध्ये जाई, तो एक हुंकार काढी आणि मग आम्ही वळत असू. वर चहा ठेवला जाई.

शेवटचा रविवार आला तेव्हा शेंगा अजून होत्या. हे मला सांगायलाच हवं, कारण त्याची बोली शेंगा संपेपर्यंतची होती. चिरनेरला तळ्याच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यावर आली. सावकाश, म्हशी येतात तशी. नासिरला ती दिसली. त्याने ब्रेक दाबायचं ठरवलं, हे मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. पाय ॲक्सिलरेटरवरून उठला नाही. बर्फाच्या मोडमुळे वेग तीसच होता. मी हँडब्रेक ओढला. गाडी म्हशीच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबली. म्हशीने आमच्याकडे बघितलं आणि ती पुढे गेली.

नासिरने दांडा पुढे ढकलून पी लावला. मग चाकावरचे हात खाली घेतले, आधी उजवा, मग उजव्याने उचलून डावा.

"बोल, मापाड्या."

मी हँडब्रेक अजून धरून होतो.

"अरे बोल ना. शमीमने तुला नेमलंय ते मला माहीत नाही का? इतके रविवार तुझं तोंड बघतोय. मयताला आल्यासारखा बसतोस."

"झालं, नासिर," मी म्हणालो.

त्याने एक शिवी दिली. मनापासून, शाळेतली. मग म्हणाला, "उतर. इकडे ये. आणि मला तिकडे घे." त्याला उजवीकडून डावीकडे न्यायला मला गाडीला पुढून वळसा घालावा लागला, त्याला काखेत धरून. बॉनेट गरम होतं. त्याने मध्येच थांबून त्यावर हात टेकला.

पुढचे महिने मीच चालवलं. आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या, मग पाऊस आला, गेला. नासिर डावीकडे डोळे मिटून बसे आणि आवाजावरून गिअर ओळखे. सुरुवातीला तो खूश होता, कारण पेटी त्याच्याच पायाने चालत होती. मी हलकं दाबलं तरी ती सवयीने गिअर धरून ठेवी, काटा तीन हजारांवर जाऊ देई. "बघ, तुला शिकवतेय," तो म्हणे. पण मी माझ्यासारखाच चालवत होतो. दुसरं मला येत नाही. हळूहळू तीन हजारांचे अडीच हजार झाले. एकदा पळस्प्याच्या पुढे तो मोजत होता, बोलणं आता जड आणि ओलं झालं होतं, "दुसरा... तिसरा... चौथा..." आणि थांबला. पाचवा आधीच पडून गेला होता. त्याने डोळे उघडले.

"कितीला टाकला?"

मी काटा बघितला. "दोनला."

"तुझी झाली," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. त्यानंतर त्याने गिअर मोजले नाहीत. मी त्याला म्हणालो, की मी जरा जोरात चालवून बघतो. तो म्हणाला, राहू दे, तिला फसवू नको.

पुढचा वाल यायच्या आत तो गेला. डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमात फरक पडला नाही.

गाडी काही काळ गल्लीत आवरणाखाली उभी होती. मग पुण्याहून कोणी घ्यायला तयार झालं. ते येण्याच्या आदल्या दिवशी भाभींचा फोन आला. मी गेलो. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"एकदा फिरवून आणाल? लांब नको. वळणावर नासिर तो आवाज काढायचा ना, तेवढा एकदा ऐकायचाय. मग नेऊ देत."

मी पळस्प्यापर्यंत गेलो आणि परतलो. रस्ताभर मी पेटीत नासिरला शोधत होतो. डीमध्ये पाय जरा रेटून पाहिला, पन्नासला चौथा धरतेय का ते पाहिलं. पेटीने सातवा टाकला होता. अतिशय काटकसरीने, अतिशय वेळेवर. तिच्यात नासिरचं काही उरलं नव्हतं. माझं मात्र सगळं होतं, माझी धास्ती, माझी शिस्त.

तलावाशी आल्यावर मी एस लावला. त्या आवाजाला तिसऱ्या गिअरात पंचेचाळीसचा वेग लागतो आणि ब्रेक अगदी कडेला येऊन दाबावा लागतो. गल्लीच्या तोंडाशी एक बाई मासळीची पाटी घेऊन उभी होती. माझा पाय आधीच ब्रेकवर गेला. काटा उतरला, दुसरा गिअर पडला तो कळलाही नाही. मी पुढे जाऊन, चक्कर मारून पुन्हा आलो. आता गल्ली रिकामी होती. मी ठरवून आलो होतो. तरीही वीस पावलं आधी पाय ब्रेकवर होता. वेग पंचवीस. डावं पातं ओढलं, तर पेटीने एक बारीकसा घसा खाकरला आणि गाडी मुकाट वळली.

जिना चढून वर गेलो. दार उघडंच होतं. भाभी गॅलरीत कठड्याला धरून उभ्या होत्या. ओट्यावर पातेलं होतं, त्यात पाणी मोजून घातलेलं होतं. गॅस पेटवलेला नव्हता.

मी किल्ली टेबलावर ठेवली.

"दोनदा आलात ना?" त्यांनी न वळता विचारलं.

"हो."

"दोन्ही वेळा तुम्हीच होतात."